पावसात रिमोटची गाडी : खेळ पाच मिनिटांचा, धडा दोन दिवसांचा



पंधरा जूनला शाळा भरते आणि त्याच्या आगेमागे पाऊसही हजर होतो. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात दोन मोठ्या सरी पडल्या की चित्र ठरलेलं असतं. हायवेला कंटेनरची रांग, वस्तीच्या तोंडाशी चिखल, शाळेच्या पटांगणात तळं आणि त्या तळ्याच्या काठाला मुलं. पूर्वी त्यांच्या हातात कागदी होडी असायची. ती आजही असते, पण तिच्या जोडीला आता रिमोटची गाडी आलीय. कुणाची दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली, कुणाची आठवडे बाजारातली, कुणाला मामाने वाढदिवसाला दिलेली. घरटी एक नसली तरी गल्लीत एक असतेच आणि बाकीची पोरं तिच्यामागे पळत असतात.

जुलै संपेपर्यंत यातल्या बऱ्याच गाड्या बंद पडलेल्या असतात.

"मॅडम, हा काय शाळेचा विषय झाला का?" असं तुम्ही विचाराल. माझ्या मते झाला. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. तरी गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात आम्ही या गाड्यांवर चार शनिवार घालवले आणि परिसर अभ्यासातले कितीतरी मुद्दे मुलांना हाताने शिकता आले. त्यातून मला कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. गाडी डबक्यात मरत नाही. ती नंतर, घरी, ओली तशीच कॉटखाली सरकवून दिल्यावर मरते. म्हणून मुलांना "पावसात नेऊ नको" एवढंच सांगण्यापेक्षा "नेल्यावर काय करायचं" हे शिकवणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी गाडी ओळखू या

बाजारात या गाड्या साधारण दोन प्रकारच्या मिळतात. एक खेळण्यातली. हिच्यात एकच छोटी सर्किटची पट्टी असते. रिमोटचा संदेश पकडणं आणि मोटरला वीज सोडणं ही दोन्ही कामं तीच करते. एक मोटर मागच्या चाकांना, एक पुढची चाकं वळवायला. खाली बॅटरीचा कप्पा आणि एक सरकवायचं बटण. आपल्या मुलांकडे असते ती बहुतेक हीच.

दुसरी छंद म्हणून चालवायची महागडी गाडी. हिच्यात संदेश पकडणारा रिसीव्हर वेगळा, वेग सांभाळणारा भाग वेगळा, चाकं वळवणारी सर्व्हो मोटर वेगळी आणि चाकांना बॉल बेअरिंग. यातला एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. काही कंपन्या अशा गाड्या 'वॉटरप्रूफ' म्हणून विकतात. तिथेही माहितीपत्रक नीट वाचायला हवं. बऱ्याचदा आतली इलेक्ट्रॉनिक्स पाण्यापासून जपलेली असते, पण बेअरिंग आणि स्क्रू लोखंडाचेच असतात आणि लोखंड गंजतं.

पालकांनो, खेळण्यातली गाडी घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का ते जरूर बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. बॅटरीवर आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी तर त्यात वेगळं मानक आहे. चिन्ह असलं म्हणजे गाडी पाण्यात चालेल असं नाही बरं का! पण ती मुलाच्या हातात द्यायला सुरक्षित आहे का, एवढं तरी तपासलं गेलेलं असतं.

पाणी नेमकं काय करतं?

मुलांना वाटतं पाणी लागलं की गाडी 'जळते'. वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिला आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं. मग एकेक मुद्दा उलगडला.

पहिला मुद्दा, अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी वाहते. पण डबक्यातलं पाणी शुद्ध कुठे असतं? त्यात माती असते, क्षार असतात, रस्त्यावरचं तेल असतं. असं पाणी सर्किटच्या दोन जवळजवळच्या रेषांवर पसरलं की वीज आपली वाट सोडून आडवाटेने जाते. त्यालाच आपण शॉर्ट होणं म्हणतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बटण चालू असताना ओल्या तांब्यातून वीज वाहत राहिली तर तांबं झपाट्याने झिजतं. दोन दिवसांनी उघडून पाहिलं तर पट्टीवर हिरवट पावडर दिसते. आजीच्या घरातलं तांब्याचं भांडं चिंच न लावता महिनाभर ठेवलं की कडेला जो रंग चढतो ना, तसाच. मुलांना ही तुलना लगेच समजली.

तिसरा मुद्दा मोटरचा. लहान मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला वीज देण्यासाठी आत ब्रश टेकलेले असतात. पाण्याचे चार थेंब गेले म्हणून मोटर लगेच मरत नाही. पण ओल आत राहिली की दांडा गंजतो, चिखलाचे कण घासतात आणि मोटर कुरकुरायला लागते.

म्हणजे काय, तर पाणी आत जाणं ही सुरुवात. खरं नुकसान होतं ते वीज चालू राहिल्याने आणि ओल टिकून राहिल्याने. या दोन्ही गोष्टी मुलाच्या हातात आहेत.

वर्गात आलेल्या ताई

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या वर्गातल्या एका मुलाची गाडी जूनच्या शेवटी डबक्यात बंद पडली. ती वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतली होती. वडील रागावतील म्हणून त्याने ती तीन दिवस दप्तरात लपवून आणली. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून तो बटण चालू-बंद, चालू-बंद करायचा. डबा खायचा नाही, कबड्डीला यायचा नाही. हे कुटुंब परभणीकडचं. वडील कंत्राटी कामगार, आई गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात.

चौथ्या दिवशी आई आधार कार्डाच्या कामासाठी शाळेत आल्या. पहिली पाळी करून थेट, कंपनीचा निळा शर्ट साडीवर तसाच. मुलाच्या हातात गाडी दिसली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी गाडी हातात घेतली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाल्या, "मॅडम, स्क्रू-डायव्हर हाय का हो शाळेत?"

विज्ञानाच्या कपाटात होता. पुढची वीस मिनिटं त्या माझ्या टेबलावर आणि चौथीचा सगळा वर्ग टेबलाभोवती.

त्यांनी आधी बॅटरी काढली, मग स्क्रू सोडवले. प्रत्येक स्क्रू कागदावर ठेवून शेजारी तो कुठला ते पेन्सिलीने लिहायला मुलाला सांगितलं. वरचं झाकण निघालं तेव्हा आत अजून पाणी होतं. "हे बघा," त्या मुलांना म्हणाल्या, "पाणी वरून आलेलं न्हाई. झाकण चांगलं हाय. पाणी वायरीच्या अंगानं आलंय."

मग त्यांनी फळ्यावर एक चित्र काढलं. डबीला भोक, त्यातून वायर आत जाते. वायर वरून खाली येऊन सरळ भोकात शिरली तर पावसाचा थेंब वायरीवरून घरंगळत थेट आत जातो. पण वायर भोकाच्या खाली झोळीसारखी लोंबवून मग वर चढवून आत नेली, तर थेंब झोळीच्या तळाशी जमतो आणि तिथूनच खाली टपकतो. "आमच्या लाइनीवर पहिल्या आठवड्यात हेच शिकवत्यात. आन् भोकाला रबर. त्याला ग्रोमेट म्हणत्यात. पाणी लागतं त्या जागच्या कनेक्टरमधी एकेका वायरीला बी बारकं रबर आसतं."

एका मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही किती शिकलात?" त्या हसल्या. "सातवी. पर हे काम सा वर्सं झाली करते."

त्या मुलाकडे माझं लक्ष होतं. गाडीकडे तो बघतच नव्हता, आईकडे बघत होता.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी 'परिसरातील साधनव्यक्ती' हा शब्द लिहिलाय. उदाहरण म्हणून कुंभार, सुतार, शेतकरी. आपल्या या भागात साधनव्यक्ती पहिल्या पाळीला बसची वाट बघत चौकात उभ्या असतात. त्यांच्या मुलांना घरी एवढंच माहीत असतं की आई 'कंपनीत' जाते. कंपनीत ती काय करते, हे त्या दिवशी एका वर्गाला कळलं.

गाडीचं काय झालं? दोन दिवस उघडी सुकवली, पट्टी जुन्या टूथब्रशने साफ केली आणि ती चालली. पुढे जाते, मागे येते, उजवीकडे वळते. डावीकडे वळत नाही, कारण त्या बाजूची एक रेष तीन दिवसांच्या ओलीत झिजून गेली होती. याचा पुढे गणिताला फार उपयोग झाला, तो खाली सांगते.

पावसात नेण्याआधीची तयारी

घरी आणि वर्गात करून पाहिलेल्या, खर्च जवळजवळ नसलेल्या गोष्टी देते. स्क्रू उघडण्याचं काम मोठ्यांनी किंवा मोठ्यांसमोर करायचं.

1. सर्किटची पट्टी लहान फुग्यात घालायची. वायरी फुग्याच्या तोंडातून बाहेर काढायच्या, तोंड पिळून त्याला रबर बांधायचं आणि ते खालच्या बाजूला येईल असं ठेवायचं. वायरींना ताईंनी सांगितलेली झोळी द्यायची. फुग्यात हवा खेळत नाही, पट्टी तापते, म्हणून अशी गाडी सलग फार वेळ पळवायची नाही.

2. फुगा बसत नसेल तर पट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात देता येतो. बॅटरीचे पत्रे, बटण आणि जोडण्याच्या पिना सोडून. पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी लावायची नाही, कारण ओलं नेलपॉलिश पेट घेतं.

3. फटी बुजवायला काही जण सिलिकॉन वापरतात. दुकानात दोन प्रकारचं मिळतं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांब्याला खातं, ते पट्टीजवळ वापरू नका. 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या.

4. बॅटरीच्या झाकणाच्या कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवा. प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांना थोडं ग्रीस.

5. गाडीच्या तळाला सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक असू द्या. हे ऐकून मुलं गोंधळतात. पाणी अडवायचं की भोक पाडायचं? पण कितीही अडवलं तरी थोडं शिरतंच. शिरलेल्याला बाहेर पडायला वाट हवी. कुंडीला खाली भोक असतं ते यासाठीच ना!

6. रिमोट पारदर्शक पिशवीत ठेवा. "पिशवीतून सिग्नल जाईल का?" हा प्रश्न हमखास येतो. जातो. रेडिओ लहरी पातळ प्लॅस्टिकमधून सहज जातात. पाण्यातून मात्र नीट जात नाहीत. आजकालचे बरेच रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरी पाणी शोषून घेतं. म्हणून गाडी खोल डबक्यात बुडाली की बटण दाबूनही ऐकत नाही. ती बिघडली असं समजून मुलं घाबरतात, पण बाहेर काढली की पुन्हा ऐकते.

खेळताना

इथे गाडीपेक्षा मुलांची काळजी जास्त आहे, म्हणून हे नियम मी तक्त्यावर लिहून वर्गात लावलेत.

पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतच. तळ दिसत नाही अशा पाण्यात गाडीही नाही आणि पायही नाही, कारण खाली उघडं चेंबर असू शकतं. विजेचा खांब, डीपी, मीटरची पेटी, लोंबणारी वायर यांच्या जवळपासच्या पाण्यात अजिबात नाही. गाडी रस्त्यावर गेली तर तिच्यामागे पळायचं नाही. आपल्याकडे गल्लीतही कंटेनर वळतात आणि उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला खालचं मूल दिसत नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होतो. घरी आल्यावर आधी साबणाने हातपाय, मग गाडी.

आणि एक नियम गाडीचा: बंद पडली की बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. आधी बटण बंद, मग बॅटरी बाहेर. पालकांनो, मोठ्या गाडीलाही जवळपास हाच नियम लागू आहे. पुलाखालच्या पाण्यात कार किंवा दुचाकी बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला दाखवा.

परत आल्यावर : खरा धडा

आमच्या वर्गात याला 'गाडीची आंघोळ' असं नाव पडलं. क्रम ठरलेला आहे.

• आधी बॅटरी बाहेर. कप्पा कोरड्या फडक्याने पुसायचा.

• चाकांवरचा आणि तळाचा चिखल ओल्या फडक्याने काढायचा. नळाखाली धरायची नाही. चिखल वाळला की खरवडावा लागतो, म्हणून लगेच.

• गाडी हलवून, तिरकी करून आतलं पाणी तळाच्या भोकातून काढायचं.

• झाकण उघडून पंख्याखाली, सावलीत ठेवायची. कडक उन्हात नको, प्लॅस्टिक वाकतं. केस वाळवायच्या गरम यंत्राखालीही नको.

• तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. आम्ही दोन ओले कापूस घेतले, एक तांदळात पुरला, एक पंख्याखाली ठेवला. पंख्याखालचा आधी वाळला. तांदळाचा भुसा गाडीत शिरतो तो वेगळाच. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र जमवून ठेवा. बंद डब्यात गाडीसोबत त्या उपयोगी पडतात. धाकट्या भावंडांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

• किमान एक दिवस, शक्य असेल तर दोन दिवस बॅटरी लावायची नाही. मुलांना हे सगळ्यात जड जातं!

• वाळल्यावर चाकांच्या दांड्याला आणि मोटरच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. जास्त घातलं तर धूळ चिकटते.

काही पालक म्हणतात, "आमच्याकडे डब्ल्यूडी-फोर्टी आहे, ते मारलं की झालं." या नावाची गोष्ट मुलांना आवडली. 1953 साली अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीत पाणी हटवणारं द्रावण बनवण्याचे प्रयत्न चालू होते आणि चाळिसावा प्रयत्न जमला. म्हणून 'वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावं'. एकोणचाळीस वेळा न जमलेली गोष्ट नावातच आहे. पण लक्षात घ्या, त्याचं काम पाणी हटवणं. ते उडून गेल्यावर वंगण टिकत नाही, म्हणून नंतर तेलाचा थेंब लागतोच. फवारणी मोठ्यांनीच, मोकळ्या हवेत आणि बॅटरी काढून.

चार्जिंगबद्दल एकच पण ठाम सूचना. ओली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. फुगलेली, वाकलेली, गरम होणारी लिथियम बॅटरी पुन्हा वापरायची नाही. रात्रभर, गादीवर, मूल एकटं असताना चार्जिंग नको.

आपल्याच गावातल्या मोठ्या गाड्या

आता वर्गाबाहेर बघू. आपल्या मुलांच्या अवतीभवती गाड्या बनतात. टाटांचा पिंपरीचा कारखाना, ज्याला जुने लोक अजून टेल्कोच म्हणतात, 1966 पासून इथे आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. महिंद्रांच्या नव्या विजेवरच्या मोटारी चाकणला बनतात. या सगळ्या गाड्या आपल्या पावसात चालतात, मग त्यांच्यात पाणी का शिरत नाही?

मोटार तयार झाली की कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिची शॉवर टेस्ट होते. एका बंद खोलीत चहूबाजूंनी तिच्यावर जोरात पाणी मारतात आणि मग आत कुठे ओल आलीय का ते तपासतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील हेच तपासायचं काम करतात. तिने सांगितलं, "पप्पा गाडीच्या कार्पेटवर हात फिरवतात." यंत्रं कितीही असोत, शेवटी हात फिरवणारा माणूस लागतो.

विजेवरच्या गाड्यांवर 'आयपी 67' असं काहीतरी लिहिलेलं असतं. बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकच्या बॅटरीलाही हाच दर्जा आहे. याचा अर्थ चौथीच्या मुलालाही कळतो. पहिला आकडा धुळीसाठी, त्यात 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्यासाठी, त्यात 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी नुकसान होण्याइतकं पाणी आत जात नाही. 4 असेल तर फक्त उडणाऱ्या शिंतोड्यांपुरती हमी. घरातले मोबाइल, घड्याळं, टॉर्च यांच्या खोक्यांवरचे असे आकडे मुलांनी शोधून आणले. वाचनाचा सराव असा व्हावा.

मुलांना घेऊन जायचं असेल तर चिंचवडचं सायन्स पार्क जवळ आहे, तिथे मोटारींचं स्वतंत्र दालन आहे. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे आणि चाकणलाही तिचं केंद्र आहे, हेही मुलांना सांगा. चाचणी फक्त आपल्या वर्गात नसते, गाड्यांनाही परीक्षा असते, हे ऐकून मुलं खूश होतात.

याच तासाला एका मुलाने विचारलेला प्रश्न सांगते. चौथीच्या इतिहासात चाकणचा संग्रामदुर्ग आहे. 1660 साली शाहिस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तो लढवला, तोही ऐन पावसाळ्यात. त्याचा प्रश्न, "बाई, मग त्यांनी बारूद कोरडी कशी ठेवली असेल?" उत्तर मी दिलं नाही. तुमच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा, मुलं काय काय सुचवतात ते.

गाडीतून गणित

वर्गात दोन कृती झाल्या.

पहिली: व्हरांड्याच्या कोरड्या फरशीवर गाडी एका रेषेपर्यंत पळवायची, तिथे बटण सोडायचं आणि थांबेपर्यंत किती फरश्या पुढे गेली ते मोजायचं. पाच वेळा. मग फरशी ओली करून पाच वेळा, मग चिखलात पाच वेळा. प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा येतो. कुठला खरा? इथे सरासरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, मुलंच विचारतात. ओल्या फरशीवर गाडी घसरत जास्त पुढे गेली. त्या दिवशी घरी जाऊन तीन-चार मुलांनी वडिलांना सांगितलं, "पप्पा, पावसात पुढच्या गाडीपासून लांब राहा." दोन वडिलांनी मला येऊन हे सांगितलं.

दुसरी त्या डावीकडे न वळणाऱ्या गाडीची. प्रश्न असा: फक्त उजवीकडे वळणाऱ्या गाडीने डाव्या बाजूच्या दारात कसं जायचं? पंधरा मिनिटं गोंधळ. मग एकाने स्वतःच गाडी होऊन वर्गात फिरून दाखवलं. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. तीन उजवे काटकोन म्हणजे एक डावा. पुस्तकातला काटकोन इतक्या जोरात कुणी ओरडून सांगितलेला मी पहिल्यांदा ऐकला. बिघडलेली गाडी त्या आठवड्यात वर्गातली सगळ्यात मागणी असलेली गाडी होती.

दुरुस्त झालीच नाही तर

सगळं करूनही काही गाड्या चालत नाहीत. त्या फेकण्याआधी उघडा. मोटर, चाकं, स्प्रिंग, दिवे विज्ञानपेटीत ठेवा. सर्किट आणि बॅटरी मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत विजेवरची खेळणीही येतात. शाळेत एक खोकं ठेवा आणि भरलं की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा.

शेवटी एक छोटा गृहपाठ, मुलांसाठी नव्हे तर आपल्यासाठी. या आठवड्यात वर्गात एवढंच विचारा: "तुमच्या घरातलं कोण कोण पाणी अडवण्याचं काम करतं?" माझ्या वर्गात सुरुवातीला दोनच हात वर आले. थोडा वेळ दिला तर नऊ झाले. एकाची आई दरवाजाचं रबर बसवते, एकीचे काका हेडलाइटची काच चिकटवतात, एकाचा भाऊ पेंट शॉपमध्ये आहे, एकीचे आजोबा ट्रकवर ताडपत्री बांधतात. आणि एक म्हणाला, "माझी आई घराच्या पत्र्याला दर पावसाळ्यात डांबर लावते." तोही हात मोजला.

यातल्या एकाला तरी वर्गात बोलवा. पाळी बघून वेळ ठरवा, कारण कंत्राटी कामावर सुट्टी मागणं सोपं नसतं. स्क्रू-डायव्हर तयार ठेवा. आणि तुमच्याकडे काय घडलं ते मला जरूर कळवा.

आपलीच,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. खेड, जि. पुणे